मागाचा खोकला

माझ्या दवाखान्यात सगळेच मोठ्याने बोलतात. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, आत भांडण चाललंय. इचलकरंजीत यंत्रमागावर दहा-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, कारण त्याला स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नसतो. बारा तासांची पाळी, कानाशी धोट्याचे ठोके, आणि मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, माग थांबला की पैसे थांबले. अशी माणसं आणि त्यांची घरं मी १९९८ पासून तपासते आहे. ज्या मुलींना मी गोवराची लस टोचली, त्या आता स्वतःची बाळं घेऊन येतात.

या सगळ्या वर्षांत एक वाक्य मी हजारो वेळा ऐकलं असेल. "खोकला किती दिवस आहे?" असं विचारलं की समोरचा हात झटकतो. "त्यो मागाचा खोकला हाय, मॅडम. त्याचं सोडा, गुडघ्याचं बघा."

मागाचा खोकला असतो, हे खरंच आहे. कापसाची पूस नाकातोंडात जाते, घसा खवखवतो. सूतगिरणीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण अशी की सुट्टी घेऊन परत कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढे आठवडाभरात कमी होत जाते. तेव्हा रुग्ण अगदीच चुकीचं बोलत नसतो. पण त्याच दोन शब्दांच्या आड क्षयरोग महिनोन् महिने लपून बसतो. आणि मागाचं शेड त्याच्या सोयीचं असतं. सूत तुटू नये म्हणून आत दमट हवा लागते, म्हणून खिडक्या बंद. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. जिथे वारा खेळतो तिथे ते विरतात, जिथे हवा कोंडते तिथे तरंगत राहतात.

म्हणून मी प्रश्न बदलला. "किती दिवस खोकला आहे" याला उत्तर मिळत नाही. "गावाकडं गेल्यावर खोकला थांबतो का?" याला मिळतं. जत्रेला, सुगीला, लग्नाला आठ-दहा दिवस गावी गेला, धुळीपासून लांब राहिला, तरी खोकला तसाच, तर तो मागाचा नाही. दुसरा प्रश्न, "पट्ट्याला नवीन भोक पाडलं का?" वजन कमी झालं का म्हटलं की माणूस नाही म्हणतो, कारण त्याने वजन कधी केलेलंच नसतं. पट्टा मात्र खरं सांगतो. बाईला विचारते, ब्लाऊज सैल होतोय का, बांगडी कोपरापर्यंत वर सरकते का.

संध्याकाळी माझ्याकडे नवीन डॉक्टर मुलं-मुली बसायला येतात. इंटर्नशिप झालेली, पीजीच्या परीक्षेची तयारी चालू असलेली. त्यांना क्षयरोगाच्या औषधांचे दुष्परिणाम झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. पण बेडका कसा घ्यायचा हे बहुतेकांना कुणी दाखवलेलं नसतं. मग मी त्यांना डबी हातात देते आणि म्हणते, हे त्या मावशींना समजावून सांग, मी ऐकते. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर उभं राहायचं, मोरीत किंवा बंद खोलीत नाही. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि पोटातून जोर काढून खोकायचं. पांढरं पातळ फेसाळ आलं तर ती लाळ. ती चालत नाही. घट्ट, पिवळसर, चिकट आलं तर तो बेडका. लाळ तपासली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, की रुग्ण निर्धास्त होतो, डॉक्टरही निर्धास्त होतो, आणि आजार पुढे जातो. हे पाच मिनिटांचं समजावणं मी कुठल्याही महागड्या तपासणीच्या वर ठेवीन. आता ट्रूनॅटसारखं यंत्र आहे. ते आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने घडवलं, आणि त्यावर जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हे काही तासांत कळतं. पण त्या यंत्रातही आधी बेडकाच टाकावा लागतो.

हे सगळं मी इतक्या हिरिरीने सांगते, त्याला एक कारण आहे.

२००७ मध्ये विजापूर भागातून आलेला एक तरुण माझ्याकडे यायचा. वय चोवीस-पंचवीस, रातपाळीला माग चालवायचा. एक्स-रे केला, वरच्या भागात डाग होता, बेडक्यात जंतू सापडले. मी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. तेव्हा आम्ही खासगी डॉक्टर आमच्याच पद्धतीने औषधं लिहायचो, रुग्ण दुकानातून विकत घ्यायचा. सहा महिन्यांचा कोर्स आहे, मध्ये सोडायचा नाही, हे मी त्याला नीट सांगितलं होतं. केसपेपरवर लिहिलंही होतं. पहिल्या दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, चार किलो वजन वाढलं. आणि तो यायचा थांबला. मला वाटलं, गावी गेला असेल, तिकडे औषध घेत असेल. वाटलं एवढंच. मी चौकशी केली नाही. माझ्याकडे त्याचा फोन नंबर नव्हता, पत्ता म्हणून "अमक्या कारखान्याच्या मागे" एवढंच.

साधारण वर्षभराने तो परत आला, तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. गालफडं बसलेली, बोलताना दम लागत होता. कल्चरचा, म्हणजे बेडक्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला, आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना जंतू दाद देत नव्हता. त्या काळी अशा टीबीचे उपचार दोन वर्षं चालायचे, सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. तेवढं त्याच्या नशिबी नव्हतं. चार महिन्यांनी त्याचा भाऊ औषधाची उरलेली पाकिटं परत द्यायला आला. म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी होतील, डॉक्टर." ती पाकिटं घेताना माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. तो जिथे राहायचा त्या खोलीत सहा जण होते. तिघे दिवसपाळीचे, तिघे रातपाळीचे. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर आडवा व्हायचा. पुढच्या वर्षभरात त्या सहांतले दोघे माझ्याकडे खोकला घेऊन आले. "मागाचा खोकला" म्हणूनच आले. मी एका माणसावर उपचार करत होते, आजार मात्र खोलीला झाला होता. ती खोली माझ्या दवाखान्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर होती. मी एकदाही तिथे गेले नव्हते.

ती चूक माझी होती. त्याला व्यवस्था जबाबदार आहे, गरिबी जबाबदार आहे, हे खरं असलं तरी त्याच्या आड मला जायचं नाही.

त्या वर्षी मी निळ्या पुठ्ठ्याची एक शंभरपानी वही आणली. टीबीच्या प्रत्येक रुग्णाचं नाव, गावचा पत्ता, मुक्कादमाचा नाहीतर शेजारच्या किराणा दुकानाचा फोन, सोबत राहणारी माणसं, आणि पुढच्या भेटीची तारीख. तारीख उलटून दोन दिवस झाले की माझी कंपाउंडरताई फोन करायची. फोन लागला नाही तर आम्ही दोघी दुपारी दवाखाना बंद झाल्यावर चालत जायचो. आमचं सार्वजनिक आरोग्याचं काम असं सुरू झालं. त्याला असं नाव आहे, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

७ मे २०१२ रोजी केंद्र सरकारने टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं सगळ्या डॉक्टरांना बंधनकारक केलं. त्याच वर्षी निक्षय ही ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, आणि रक्तावरून टीबी सांगणाऱ्या त्या बेभरवशाच्या अँटिबॉडी तपासण्यांवर बंदी आली. पुढे २०१८ मध्ये नोंद न करणाऱ्यावर कारवाईची तरतूद झाली. आमच्या गावातल्या डॉक्टरांमध्ये तेव्हा बरीच कुजबुज होती. रुग्णाचं नाव सरकारला कळवलं तर तो आपल्याकडे परत येणार नाही, ही मुख्य भीती. तिच्यात तथ्यच नव्हतं असं मी म्हणणार नाही. सून टीबीची आहे कळलं तर माहेरी पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. लग्न ठरत असलेल्या मुलीची आई माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली आहे की, "नाव कुठं लिहू नका."

तरीही मी नोंदणीच्या बाजूने उभी राहिले, आणि आमच्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या बैठकांत ते मांडत राहिले. माझं म्हणणं साधं होतं. नाव गुप्त ठेवणं वेगळं आणि रुग्ण हरवू देणं वेगळं. पहिलं आपलं कर्तव्य आहे, दुसरा आपला गुन्हा. मी निळी वही घेऊन जायचे आणि पहिल्या पानावरच्या, म्हणजे वही यायच्या आधीच्या त्या मुलाची हकिकत सांगायचे. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळे एकत्र बसायचे, कारण खोकल्याचा रुग्ण आधी यांच्यापैकीच कुणाकडे तरी जातो, सरकारी दवाखान्यात नंतर. तिथे मी दोन गोष्टींवर भांडले. एक, खोकल्याला पहिल्या फटक्यात लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक द्यायचं नाही. त्या गटाची औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात, रुग्णाला आठ दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढे जातं. दुसरं, दम लागतो म्हणून बेडका न तपासता स्टिरॉइडची गोळी द्यायची नाही. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "मग रुग्णाला लगेच आराम कसा पडायचा?" प्रश्न रास्त होता. आराम पडला नाही तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जातो, हे आम्ही सगळेच जाणतो. म्हणूनच हे एकट्याने करून चालत नाही, गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम ठरवावं लागतं. त्यातले निम्मे तरी त्या दिवशी माझ्याशी सहमत झाले नाहीत. काही दोन वर्षांनी झाले.

औषध दुकानदारांना बैठकीला बोलवायचं, ही कल्पना माझ्या कंपाउंडरताईची. टीबीची औषधं शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आल्यापासून, म्हणजे २०१४ पासून, दुकानदाराला वेगळ्या वहीत रुग्णाची नोंद ठेवावी लागते. ताई म्हणाली, मग रुग्ण पुढच्या महिन्याचं औषध न्यायला आला नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच कळणार ना? खरंच होतं. आज आमच्या रस्त्यावरचे तीन दुकानदार स्वतः फोन करतात.

या सगळ्याचा उपयोग काय झाला, हे मला २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत माग थांबले आणि माणसं मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाली. माझ्याकडे उपचार चालू असलेले सात रुग्ण होते. एक जण तिसऱ्या महिन्यात होता, तोही विजापूरकडचाच. तो निघाला तेव्हा त्याच्या हातात महिन्याचं औषध आणि एका चिठ्ठीवर निक्षयचा आयडी होता. मे महिन्यात तिकडच्या आरोग्य कार्यकर्तीचा फोन आला, तुमचा रुग्ण सापडला, वजन किती होतं, कितव्या महिन्यात आहे. मी फोन ठेवला आणि वही उघडून बराच वेळ बसून राहिले. पहिल्या वेळी एक आकडा असता, एक चिठ्ठी असती, तर.

मागमालकांकडे जाणं हे डॉक्टर-दुकानदारांना पटवण्याहून अवघड होतं. मी एका शेडमध्ये पाळी बदलताना खोकल्याची तपासणी करू द्या म्हणून विचारायला गेले, तर मालक लगेच म्हणाले, "सांगा कुणाला आहे, आजच हिशोब देऊन मोकळा करतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता, बाकीच्यांची काळजी होती. पण असं झालं की उद्यापासून कुणीही खोकला सांगणार नाही. मी त्यांच्या ऑफिसात तासभर बसले. औषध सुरू झालं आणि जंतू औषधाला दाद देत असला तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी होते, हे सांगितलं. काढलेला माणूस दुसऱ्या शेडमध्ये लागतो आणि तिथे पसरवतो, हे सांगितलं. ज्याच्यावर उपचार चालू आहेत तो धोक्याचा नाही. ज्याचं निदान झालेलं नाही तो धोक्याचा. शेवटी ते म्हणाले, "दोन आठवडे पगारी रजा माझ्याकडून." ते त्यांनी पाळलं. वरच्या बाजूच्या चार झडपाही उघड्या ठेवल्या. टीबी निघालेला त्यांचा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा माणूस, सहा महिन्यांनी बरा झाला आणि आजही तिथेच आहे. असे मालक अजून थोडे आहेत. बाकीच्या दारांवर मी जाते आहे.

खाण्याचं मात्र मला उशिरा उमगलं. "चांगलं खात जा" असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि समोरच्याकडे काय शिजतं हे विचारलंच नाही. झारखंडमधल्या रेशन्स नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने रुग्णाच्या घरातल्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी, आणि फुप्फुसांच्या टीबीचं ४८ टक्क्यांनी कमी झालं. पुरेसं जेवण हे इथे अक्षरशः लसीसारखं काम करत होतं. तो अभ्यास वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या घरात महिन्याला तूरडाळ किती लागते ते मोजलं. आता आमचा सहा-सात जणांचा गट निक्षय मित्र म्हणून, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करण्याच्या सरकारी योजनेत, काही घरांना ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, तेल आणि गूळ पोचवतो. नोंदणीसाठी ५०० आणि उपचार पूर्ण झाल्यावर ५०० असं जे मानधन खासगी डॉक्टरला मिळतं, ते मी त्यातच घालते. रुग्णाला सरकारकडून दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते त्याच्या खात्यात वेळेवर पडतायत का हे पाहणं हेही मी माझं काम मानते. खातं गावच्या बँकेत, आधार जोडलेलं नाही, फोन नंबर बदललेला, अशी प्रत्येकाची वेगळी अडचण. ताईने त्यासाठी वेगळी वही केली आहे.

२०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर टीबीच्या औषधांचा तुटवडा झाला. केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं, पण मधले आठवडे कसे काढायचे? आम्ही रोज संध्याकाळी कुणाकडे किती पट्ट्या उरल्या ते मोजायचो, कुणाला सात दिवसांचं, कुणाला दहा दिवसांचं वाटून द्यायचो. आणि दर दोन दिवसांनी अधिकाऱ्यांना पत्र पाठवायचो. त्यात भावनेचा शब्द नाही, फक्त आकडे. इतके रुग्ण, इतक्या वजनाचे, इतक्या गोळ्या कमी. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला रोज तीन, पन्नास ते चौसष्टच्या माणसाला चार, असा हिशोब मांडला की कुणालाही तो टाळता येत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहायचे आणि दिसेल ते लिहून ठेवायचे. त्या नोंदींतून १९८२ मध्ये लॅन्सेटसारख्या नियतकालिकात लेख गेला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार जगभर पोचला. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण छोट्या गावातल्या डॉक्टरच्या वहीत काय ताकद असते, हे मी माझ्याकडे बसणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांचं उदाहरण देऊनच सांगते.

त्या मुलांना मी आठवड्यातून एकदा घरी घेऊन जाते. माझ्या नव्हे, रुग्णाच्या. गेल्या मंगळवारी एक मुलगी सोबत होती, हुशार आहे, तिला रेडिओलॉजी करायचं आहे. वहिफणीचं, म्हणजे मागासाठी सुताचे धागे ओवण्याचं, काम करणाऱ्या एका बाईच्या घरी गेलो. नवऱ्याचा टीबीचा उपचार तिसऱ्या महिन्यात आहे. घरात चार वर्षांची मुलगी. तिला आजार नाही, पण पाच वर्षांखालचं मूल रुग्णासोबत राहत असेल तर त्याला प्रतिबंधक औषध द्यायचं, आयसोनायझिड, सहा महिने, रोज. निरोगी मुलाला सहा महिने गोळी द्यायची हे आईच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. सुरुवातीला ती म्हणाली होती, "पोरीला काय झालंय मग?" तीन वेळा जाऊन बोलावं लागलं.

आमच्या पोरीने, म्हणजे डॉक्टर पोरीने, आधी चौकशी केली. कावीळ नाही ना, उलटी नाही ना, भूक आहे ना. वजन केलं, तेरा किलो. मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे कालनिर्णय टांगलेलं होतं आणि दर तारखेच्या चौकोनात खडूने एक लाल टिंब. काही टिंबं चौकोनाबाहेर गेलेली, एकाला डोळे आणि तोंड काढलेलं. गोळी विरघळवून चमच्याने दिली की त्या छोटीला टिंब काढायला मिळतं, असा मायलेकींचा करार आहे. एका तारखेला टिंब नव्हतं. विचारलं तर छोटी मान खाली घालून म्हणाली, "त्या दिवशी खडू हरवला हुता." गोळी घेतली होती, आईने पाकीट दाखवलं.

आम्ही दोघींनी उभ्यानेच पानं उलटून मोजलं. शहाऐंशी झाली होती. मग डॉक्टर पोरीने आपल्या पर्समधलं लाल पेन काढून छोटीला दिलं, आणि त्या रिकाम्या चौकोनात तिने भलंमोठं टिंब काढलं. सत्त्याऐंशी. अजून त्र्याण्णव बाकी आहेत.